आधी वेळापत्रक, मग खोली

कोल्हापूरच्या कळंब्यात राहणाऱ्या माणसाला पाहुण्यांचा फोन ठरलेला. मुंबईचे काका असोत, पुण्याची मावसबहीण असो नाहीतर बेळगावचे व्याही, मागणी साधारण एकच असते. "देवीला यायचं ठरतंय. तुमच्याकडेच उतरलो असतो, पण सहाजण आहोत, उगाच तुमची धावपळ. एखादं चांगलं हॉटेल बघून ठेवा. देऊळ चालत गाठता आलं पाहिजे, रात्री शांत झोप लागली पाहिजे आणि गाडी दारात लागली पाहिजे."

तिन्ही अपेक्षा रास्त आहेत. अडचण एवढीच, की कोल्हापुरात त्या एका छपराखाली क्वचितच नांदतात. देवळाला लागून उतरावं तर गाडी लांब लावावी लागते. गाडी दारात लागते तिथून देवळात जायला रिक्षा करावी लागते. आणि शांतता हवी असेल तर पेठेत सणावाराला तिची हमी कुणीच देणार नाही.

मग निवडायचं कसं? बहुतेक जण मोबाइलवर फोटो बघतात, लोकांनी दिलेल्या चांदण्या बघतात आणि दर बघतात. या तिन्ही गोष्टी खोलीबद्दल सांगतात, मुक्कामाबद्दल नाही. मध्यवस्तीतल्या छोट्या, देखण्या हॉटेलला जे जादा पैसे मोजायचे, ते गादीच्या जाडीचे नसतात. पहाटे साडेचारला आणि रात्री दहाला आपण कुठे असणार, याचे ते पैसे असतात. त्या दोन वेळा आपल्याला वापरायच्याच नसतील तर मध्यवस्तीतला मुक्काम हा निव्वळ खर्च. वापरायच्या असतील तर त्याच्याइतका स्वस्त सौदा नाही.

एका शहराचे चार मध्य

जुनं कोल्हापूर अंबाबाईच्या देवळाभोवती वाढलं. पश्चिमेला महाद्वार, उत्तरेला घाटी दरवाजा, पूर्वेला पूर्व दरवाजा आणि दक्षिणेला विद्यापीठ दरवाजा. या चार दरवाजांतून बाहेर पडलं की महाद्वार रोड, भवानी मंडप, बिनखांबी गणेश, गुजरी, ताराबाई रोड सगळं पायाखालचं. इथल्या गल्ल्या माणसांच्या आणि बैलगाड्यांच्या हिशेबानं आखलेल्या. सात आसनी गाडी त्यात शिरते, पण वळत नाही. म्हणून या भागातलं हॉटेल घेताना गाडी बिंदू चौकात किंवा दसरा चौकात लावून पुढे चालायची किंवा रिक्षानं जायची मनाची तयारी लागते.

दुसरा मध्य रेल्वेनं घडवला. मिरज ते कोल्हापूर रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली आणि 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. गुळाचा बाजार आला, अडते आले, परगावचे खरेदीदार आले, आणि व्यापारी आला की त्याला रात्र काढायला जागा लागतेच. पुढे मध्यवर्ती बसस्थानकही याच बाजूला झालं. स्टेशन रोड, शाहूपुरी आणि व्हीनस कॉर्नर परिसरात आज लॉजची जी दाटी दिसते तिचं मूळ या बाजारात आणि वाहतुकीत आहे. इथून देऊळ दोन-अडीच किलोमीटरवर, म्हणजे रिक्षाचं अंतर. मात्र पहाटेची एसटी किंवा रेल्वे पकडायची असेल तर याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

तिसरा पट्टा ताराबाई पार्क ते कावळा नाका आणि जुन्या पुणे-बंगळूर रस्त्याचा. मोठी हॉटेलं, लॉन, सभागृहं आणि प्रशस्त पार्किंग इथे मिळतं. लग्न, कंपनीची बैठक किंवा महामार्गावरून येऊन सकाळी पुढे निघणारी मंडळी यांच्यासाठी हा भाग बरा.

चौथा पट्टा दक्षिणेचा, संभाजीनगर ओलांडून कळंब्याकडे जाणारा. देवळापासून कळंबा चार-पाच किलोमीटर. तलाव, मध्यवर्ती कारागृह, गारगोटीला जाणारा रस्ता आणि पलीकडे कात्यायनीचा डोंगर. मध्यवस्तीशी या भागाचं नातं पाण्याचं आहे. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या कळंबा तलावाचं पाणी उतारानं शहरात जाई. मंगळवार पेठेतल्या एका भागाला आजही पाण्याचा खजिना म्हणतात, ते या पाण्याच्या टाकीवरूनच. मध्यंतरी काही वर्षं देवीचा लाडूप्रसादही कळंब्याच्या कारागृहात बंदीजनांच्या हातून वळला जात होता. तेव्हा गावाबाहेरचं म्हणून कळंबा वगळायचं कारण नाही. तिथे कधी उतरावं हे पुढे येईलच.

उतरण्याची जुनी रीत

तीर्थाच्या गावी आलेला माणूस पूर्वी हॉटेल शोधत नसे. तो उपाध्यांच्या वाड्यात नाहीतर धर्मशाळेत उतरे. तिथे ओळख म्हणजे कुळ, गाव आणि जात. जागा मिळायची की नाही, हेही त्यावरच ठरे. कोल्हापूरचं वेगळेपण असं, की या प्रश्नाला इथे फार लवकर आणि सरळ हात घातला गेला. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून एकेका समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. दसरा चौकाच्या आसपास फिरताना त्यातल्या काहींच्या इमारती अजून दिसतात. 1919 मध्ये त्यांनी हुकूम काढून संस्थानातल्या धर्मशाळा, सरकारी अन्नगृहं, सार्वजनिक पाणवठे आणि विहिरी इथे अस्पृश्यता पाळायला बंदी केली.

हुकुमापेक्षाही लोकांच्या लक्षात राहिला तो चहा. अस्पृश्य ठरवलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना महाराजांनी हॉटेल काढायला लावलं. भाऊसिंगजी रोडवरच्या त्या हॉटेलाचं नाव सत्यसुधारक. महाराज तिथे गाडी थांबवून स्वतः चहा घेत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावत. राजाच घेतोय म्हटल्यावर नाही म्हणण्याची सोय उरत नसे. आज दुकान, उपाहारगृह किंवा हॉटेलात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थानावरून कुणाला अडवता येत नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात ते स्पष्ट लिहिलं आहे. कोल्हापुरात त्याची तालीम आधीच झाली होती.

राजवाड्यात पैसे देऊन राहण्याचा प्रयोगही या शहरानं केला. रंकाळ्याच्या काठावर 1931 ते 1934 या काळात बांधलेला शालिनी पॅलेस 1987 मध्ये हॉटेल झाला. कमानी, रंगीत काचा, मनोऱ्यावरचं घड्याळ आणि समोर पसरलेलं पाणी. पुढे ते हॉटेल बंद झालं. जुनी वास्तू देखणी असणं आणि ती हॉटेल म्हणून चालवणं परवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढ्या मोठ्या इमारतीची देखभाल थोड्या खोल्यांच्या भाड्यातून भागवणं सोपं नसतं.

छोटं हॉटेल मोठं कशानं होतं

ज्याला आज बुटीक हॉटेल म्हणतात त्या प्रकाराला फार वर्षं झालेली नाहीत. लंडनमध्ये 1978 मध्ये अनुष्का हेम्पेल यांनी ब्लेक्स हे हॉटेल सुरू केलं. 1984 मध्ये न्यूयॉर्कला स्टीव्ह रुबेल आणि इयन श्रेगर यांनी मॉर्गन्स उघडलं. त्या काळी मोठ्या साखळ्यांची हॉटेलं कुठल्याही देशात गेलं तरी सारखीच दिसत. पडदा तोच, दिवा तोच, नाश्ताही तोच. प्रवाशाला सकाळी डोळे उघडल्यावर आपण कुठल्या शहरात आहोत हे कळू नये इतकं. या नव्या हॉटेलांनी उलटा डाव टाकला. खोल्या कमी, इमारत शहराच्या आतली, सजावट त्या जागेची, आणि दारावरच्या माणसाला पाहुण्याचं नाव माहीत.

आपल्याकडे सरकारी वर्गवारीत एक ते पाच तारे आहेत, हेरिटेज हा वेगळा वर्ग आहे, पण बुटीक असा तारांकित दर्जा नाही. त्यामुळे ही पाटी कुणीही लावू शकतो. तारांकित दर्जासाठी किमान दहा खोल्या आणि प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी किंवा वायुवीजन लागतं. हेरिटेज वर्गासाठी इमारत 1950 पूर्वीची असावी लागते. पाटीवर बुटीक लिहिणाऱ्यावर यातलं काहीच बंधनकारक नाही. काही ठिकाणी खरोखर जुना वाडा निगुतीनं दुरुस्त केलेला असतो, शहाबादी फरशी आणि सागवानी खांब जपलेले असतात. काही ठिकाणी साध्या लॉजला एक भिंत विटांची दाखवून, पिवळे दिवे टांगून दर दुप्पट केलेला असतो.

दोन्हींतला फरक ओळखायला खिडकीपासून सुरुवात करावी. पेठेत घराला घर लागून असतं. मधल्या खोल्यांना रस्ता दिसत नाही, त्यांची खिडकी डक्टमध्ये उघडते. त्याच डक्टमधून स्वयंपाकघराचा वास, शेजारच्या न्हाणीघराचा आवाज आणि पहाटे पंपाची घरघर येते. फोटोत पडदा ओढलेला असेल तर पडद्यामागे काय आहे, हे विचारावं. दुसरी खूण जिन्याची. जुन्या इमारतीत लिफ्ट बसवायला जागा नसते, आणि पायऱ्या उंच असतात. आजीला गुडघेदुखी असेल तर दुसऱ्या मजल्यावरची सगळ्यात सुंदर खोलीसुद्धा तिच्या काही कामाची नाही.

फोनवर काय विचारायचं

आपला बेत आणि हॉटेलचं घड्याळ जुळतंय का, हे दोन मिनिटांच्या बोलण्यात कळतं. ते असं होतं.

"सकाळी गरम पाणी किती वाजता असतं?"

"सहा ते नऊ, सर. सोलर आहे."

"आम्हाला काकड आरतीला जायचंय. चारला आंघोळ उरकायला पाहिजे."

"मग गिझरची रूम देतो. पण ती मागच्या बाजूला आहे, रस्ता दिसत नाही."

"चालेल. आणि एवढ्या पहाटे खालचं शटर उघडं असतं का?"

"वॉचमन असतो, सर. बेल मारायची."

वेबसाइटवर 'चोवीस तास गरम पाणी' असं लिहिलेलं असतंच. 'काकड आरतीला जायचंय' असं सांगितल्याशिवाय गिझर आणि सोलरमधला फरक समोर येत नाही. देऊळ पहाटे साडेचार-पाचच्या सुमाराला उघडतं. सहाला येणारं गरम पाणी त्या माणसाच्या दृष्टीनं नसल्यासारखंच.

नाश्त्याचंही तसंच. 'नाश्ता दरात' हे ऐकायला गोड वाटतं, पण कोल्हापुरात सकाळी हॉटेलच्या तळघरात बसून ब्रेड-बटर खाणं म्हणजे घरी आलेल्या गंगेकडे पाठ फिरवणं. मिसळ हा इथे सकाळचा विषय आहे. नावाजलेल्या ठिकाणी दुपारपर्यंत कट संपतो आणि दुकान आवरलं जातं. गंगावेशीच्या बाजूला दूध कट्ट्यावर म्हशी ओळीनं उभ्या असतात. गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढतो, फेसासकट पेला हातात देतो, आणि पैलवान असो की पेन्शनर, उभ्या उभ्या तो रिकामा करून पुढच्या कामाला लागतो. हे पायी पोचण्याच्या अंतरावर असताना नाश्त्याविना दर विचारावा. पुष्कळदा तो बराच कमी निघतो.

पार्किंगबद्दल 'आहे का' असं विचारून उपयोग नाही, उत्तर 'आहे' असंच येतं. आवारात आहे की रस्त्यावर, आमची गाडी एवढी मोठी आहे ती शिरेल का, रात्री बाहेर काढायची झाली तर मागची गाडी कोण हलवणार, असं विचारावं. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येणाऱ्यांसाठी आणखी एक प्रश्न महत्त्वाचा. गाडी सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला पोचते आणि खोली मिळते दुपारी बारा किंवा दोनला. मधल्या तासांत सामान ठेवून तोंड धुवायला जागा मिळेल का, लवकर खोली दिल्यास अर्ध्या दिवसाचे पैसे लागतील का, हे आधी ठरवून घ्यावं. जुन्या लॉजमध्ये आलेल्या वेळेपासून चोवीस तास मोजायची पद्धत असते. रेल्वेनं येणाऱ्याला ती कधी कधी नव्या हॉटेलपेक्षा फायद्याची पडते.

दर कसा ठरतो

एकाच खोलीचा दर मंगळवारी एक आणि शनिवारी दुसरा, याचं कारण साधं आहे. खोली हा नाशवंत माल आहे. आजची रिकामी गेलेली रात्र उद्या विकता येत नाही. विमान कंपन्यांनी 1980 च्या दशकात मागणीप्रमाणे तिकिटाचे दर बदलायला सुरुवात केली आणि हॉटेलांनी तो धडा उचलला. बारा-पंधरा खोल्यांच्या छोट्या हॉटेलात हा चढउतार जास्त जाणवतो, कारण एका वऱ्हाडानं सहा खोल्या घेतल्या की उरलेल्यांचा भाव लगेच वधारतो.

बुकिंग कंपन्यांमार्फत खोली घेतली की हॉटेलला त्यांना दलाली द्यावी लागते, साधारण दराच्या 15 ते 25 टक्के, कधी त्याहून जास्त. पूर्वी अशा करारांत आणखी एक अट असे, की आमच्याकडच्या दरापेक्षा कमी दरानं तुम्ही दुसरीकडे खोली विकायची नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर 2022 मध्ये अशा अटींसह इतर कारणांसाठी मेकमायट्रिप-गोआयबिबोला सुमारे 223 कोटी, तर त्यांच्याशी केलेल्या स्पर्धकांना वगळणाऱ्या करारासाठी ओयोला सुमारे 169 कोटी रुपये दंड ठोठावला आणि मेकमायट्रिप-गोआयबिबोला दर बांधून घालणाऱ्या अटी बदलायला सांगितल्या. आपल्यापुरता याचा अर्थ असा, की संकेतस्थळावर दर बघावा आणि मग हॉटेलला थेट फोन लावावा. दलाली वाचत असल्यामुळे दरात, नाहीतर लवकर खोली देण्यात, जादा गादीत किंवा रस्त्याकडच्या खोलीत काहीतरी सूट मिळण्याची शक्यता असते. मात्र थेट बुकिंग केलं तर पैसे भरल्याची पावती आणि रद्द करण्याच्या अटी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागून घ्याव्यात. तोंडी शब्दावर भांडता येत नाही.

कराचा हिशेब 22 सप्टेंबर 2025 पासून बदलला आहे. रोज 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर आता 5 टक्के जीएसटी लागतो, पूर्वी तो 12 टक्के होता. 7,500 च्या वर 18 टक्के. त्यामुळे या रेषेवर गंमत होते. 7,500 रुपयांची खोली करासह 7,875 ला पडते आणि 7,600 ची 8,968 ला. शंभर रुपयांच्या फरकानं खिशातून 1,093 रुपये जादा जातात. दर या रेषेच्या जरासा वर असेल तर नाश्ता वगळून किंवा थोडी सूट मागून तो खाली आणता येतो का, हे विचारायला संकोच करू नये. आणि जेवणाच्या बिलात सेवाशुल्क परस्पर जोडलेलं असेल तर ते काढायला सांगता येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये तसे नियम केले आणि 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरले.

ओळखपत्र प्रत्येक प्रौढाचं लागतं. आधार द्यायचं असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत द्यावी, किंवा वाहन परवाना द्यावा. परदेशी पासपोर्टवर आलेला भाचा सोबत असेल तर त्याची माहिती हॉटेलला 24 तासांत ऑनलाइन कळवावी लागते. म्हणून ते आधीच सांगावं, नाहीतर छोटं हॉटेल ऐनवेळी नकार देतं. लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्यानं हॉटेलात राहण्याला मनाई करणारा कायदा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयानं 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी काही ठिकाणी स्थानिक पत्त्याच्या ओळखपत्रावर खोली देत नाहीत. ते हॉटेलचं धोरण असतं, त्याची चौकशी आधी केलेली बरी.

पंचांग आणि पाण्याची पातळी

कोल्हापुरात खोलीची टंचाई कधी होणार, हे पंचांग बघून सांगता येतं. नवरात्रात देवळाभोवतीचा भाग दहा दिवस माणसांनी भरून वाहतो. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते, आणि डोंगरावर जाणाऱ्या-येणाऱ्यांचा मोठा लोंढा शहरातून जातो. दर अमावास्येला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला गर्दी लोटते, आणि तिकडे जाणाऱ्या गाड्या कळंब्यावरून गारगोटी रस्त्याला लागतात. अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश अशी जाते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या रात्री या मार्गावरची खोली घेणाऱ्यानं झोपेची अपेक्षा ठेवू नये. ज्याला मिरवणूकच बघायची आहे त्याला मात्र सज्जावाली खोली म्हणजे पर्वणी. फुटबॉलच्या हंगामात एखाद्या तालमीनं स्पर्धा जिंकली तर पेठेत रात्री गुलाल उधळला जातो, तेही धरून चालावं.

किरणोत्सवाचं गणित पंचांगाचं नाही, सूर्याचं आहे. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर पडतात. मुख्य दिवस 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. असं वर्षातून दोनदा का? डिसेंबरच्या 21-22 तारखेला सूर्य क्षितिजावर सगळ्यात दक्षिणेला मावळतो. त्याच्या साधारण 41-42 दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर तो क्षितिजाच्या त्याच जागी मावळतो, म्हणून तोच किरण दोनदा त्याच वाटेनं आत शिरतो. वाटेत इमारत, टाकी किंवा फलक आला तर तो अडतो, आणि महाद्वाराच्या दिशेला वाढणारी बांधकामं हा कोल्हापुरात दरवेळचा चर्चेचा विषय आहे. या दिवसांत मध्यवस्तीतल्या खोलीचा खरा फायदा गर्दी ओसरल्यावर कळतो. बाकीचे वाहतुकीत अडकलेले असताना आपण चालत खोलीवर येतो.

पावसाळ्याचं वेगळं आहे. जुलै-ऑगस्टात यायचं असेल तर हॉटेलच्या फोटोंआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघावी. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोक्याची. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला आणि शहराचा पुण्याशी रस्ता तुटला. नदी शहराच्या उत्तर-पश्चिमेला, पण पाणी फक्त नदीकाठी येत नाही. दक्षिणेकडून शहरात येणारा जयंती नाला पंचगंगेला मिळतो. नदी फुगली की नाल्याचं पाणी मागे सरतं आणि व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीचा काही भाग यांसारख्या ऐन मध्यवस्तीत शिरतं. त्या दिवसांत उंचावरचा भाग हाच चांगला पत्ता.

कळंब्यात केव्हा उतरावं

आता चौथ्या पट्ट्याकडे. देवळात एकदाच, दुपारी निवांत जायचं असेल, स्वतःची मोठी गाडी असेल, सोबत लहान मुलं किंवा आजारातून उठलेलं माणूस असेल, तर कळंबा-संभाजीनगर भागातला मुक्काम बरा. संभाजीनगरच्या बसस्थानकामुळे गारगोटीकडच्या एसटी जवळ पडतात आणि शहरात जायला के.एम.टी.ची बस किंवा रिक्षा मिळते. आदमापूरला जाणाऱ्यांना सकाळी शहराची वाहतूक ओलांडावी लागत नाही. पहाटे तलावाच्या बांधावर फिरायला जाणाऱ्यांची वर्दळ असते, पण ती पावलांची. अडचण दोन गोष्टींची. रात्री उशिरा परतताना रिक्षावाला जादा पैसे सांगतो, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं संथ चालतात, त्यांच्यामागे वेळ जातो. दुसऱ्या अडचणीला हॉर्न वाजवून काही उपयोग होत नाही, तेवढा वेळ हिशेबात धरूनच निघावं.

दोन रात्री असतील तर एकाच हॉटेलला चिकटून राहायची गरज नाही. शुक्रवारी संध्याकाळी पोचावं आणि पहिली रात्र देवळालगत काढावी. शुक्रवारी रात्री देवीची पालखी असते, ती बघून चालत परतता येतं. शनिवारी पहाटे काकड आरती, मग दूध कट्टा, मग मिसळ, आणि दुकानं उघडल्यावर चप्पल लाइन आणि गुजरी. यातल्या एकाही गोष्टीसाठी गाडीची किल्ली हातात घ्यावी लागत नाही. मध्यवस्तीच्या दराचा पैसा न् पैसा या बारा-चौदा तासांत वसूल होतो. शनिवारी दुपारी खोली सोडावी, गाडी काढावी आणि कळंब्याच्या बाजूला कमी दराच्या, मोकळ्या खोलीत जावं. संध्याकाळी तांबडा-पांढरा रस्सा ओरपायला शहरात आलात तरी परतताना झोपायची जागा शांत. रविवारी सकाळी तलाव, कात्यायनी किंवा आदमापूर करून परतीला लागावं.

मुक्काम दोन ठिकाणी विभागला की देवळाजवळ एक रात्र आणि पार्किंगसह शांत एक रात्र, असं दोन्ही पदरात पडतं. सामान एकदा जास्त हलवावं लागतं, एवढाच तोटा. म्हणून हॉटेलची यादी उघडण्याआधी कागदावर आपल्या बेतातले पाच-सहा ठळक तास लिहावेत. किती वाजता उठणार, पायी कुठे जाणार, गाडी कधी लागणार, रात्री किती वाजता परतणार. ज्या रात्रीच्या कागदावर पहाट आणि मध्यरात्र भरलेली आहे, ती रात्र पेठेत घ्यावी. बाकीच्या रात्रींसाठी जास्त पैसे मोजू नयेत.